भाडेकरू सुस्वभावी आहेत

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, १८ सप्टेंबर १९८८

प्रिय सुलेखा,

तुझं पत्र परवा आलं. नमस्कार-चमत्कार झाले असं समज. जगन्नाथचा गुडघा आहे तसाच आहे. तो बरा झाला तर बोलायला विषय काय उरणार, या भीतीनं हा डॉक्टरकडे जात नाही. मी ठीक. प्रतापरावांची शुगर ताब्यात आहे हे वाचून बरं वाटलं, आणि तू श्रीखंडाच्या डब्याला कुलूप लावतेस हे वाचून त्याहून बरं वाटलं.

आधी घराचं सांगते, म्हणजे मालक खूश. पन्हाळी साफ करून घेतल्या. ऑगस्टच्या पावसात तळघरात पाणी आलं नाही. मागच्या पायरीची कुजलेली फळी भाडेकरूनं स्वतःच बदलली, तीही न सांगता. दारातल्या मॅपलनं रंग धरायला सुरुवात केली आहे. भाडेकरू सुस्वभावी आहेत, तक्रार नाही.

आता विक्रीचं. प्रतापरावांनी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या राजीवला शब्द दिला, राजीवला एक डिसेंबरला ताबा हवा, मी भाडेकरूंना दोन महिन्यांची नोटीस द्यायची, आणि मुखत्यारपत्र माझ्याकडे आहेच तर विक्रीच्या कागदांवर सह्याही मीच करायच्या, हे सगळं समजलं. पण एवढी घाई का गं? तीन वर्षांपूर्वी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवून तुम्ही पुण्याला परत गेलात, तेव्हा तू म्हणाली होतीस, "कांचन, नुसतं वर्षभर सांभाळ." मी तीन वर्षं सांभाळलं, कुरकूर केली नाही. आता हिवाळ्याच्या तोंडावर माणसं बाहेर काढून घर विकायचं? राजीवला वसंतापर्यंत थांबायला सांग. त्याची दोन्ही मुलं अजून शाळेच्या बसमागे धावतात, त्यांना शाळेच्या मध्यावर कशाला हलवायचं? पटलं तर बघ.

मंगळवारी आणि गुरुवारी मी इथल्या इतिहास मंडळात फुकट काम करायला जाते, ते तुला लिहिलं होतं. जगन्नाथ म्हणतो, स्वतःच्या घरातली धूळ पुसायला बाई लावायची आणि लोकांची शंभर वर्षांची धूळ पुसायला आपण जायचं. सध्या माझ्या टेबलावर एझ्रा व्हिटलॉक नावाच्या घरांच्या एजंटाची पत्रांची वही आहे. १८८०च्या सुमारास जवळच्याच गावात याची कचेरी होती. परगावी राहणाऱ्या मालकांची घरं भाड्यानं द्यायची, भाडेकरूंवर नजर ठेवायची आणि मालकांना दर तीन महिन्यांनी पत्र लिहून घराची खुशाली कळवायची, हा याचा धंदा. नकला करायची तेव्हाची रीत मोठी मजेदार होती. ताज्या शाईत पत्र लिहायचं, वहीतल्या पातळ ओलसर पानाखाली ठेवायचं आणि वही लोखंडी दाबयंत्रात घालून वरचा स्क्रू आवळायचा. शाई पानावर उतरते. मूळ पत्र मालकाला जातं, नक्कल वहीत राहते. म्हणजे या माणसानं कुणाला काय लिहिलं, ते सगळं आज माझ्या हातात आहे. बिचाऱ्याला वाटलं असेल, वही कुणीतरी टाकून देईल.

त्याच्या मालकांपैकी एक होती मिसेस हॅना लाइल. म्हातारी, विधवा, दूर आयोवात पुतण्याकडे राहायला गेलेली. तिच्या मिल स्ट्रीटवरच्या घराबद्दल हा इतक्या मायेनं लिहितो, की वाचताना मला तुझी आठवण आली. "व्हरांड्याला रंग दिला आहे. भाडेकरू शांत व सुस्वभावी आहेत. परसातल्या पेअरच्या झाडाला यंदा भरपूर फळ धरलं. एक करंडी आपल्याला रेल्वेनं पाठवत आहे." दर सप्टेंबरात करंडी. माझी तुला लिहिलेली पत्रं आणि याची पत्रं शेजारी ठेवली तर कुणी म्हणेल, एकाच शाळेत शिकलेत. मला आधी हसू आलं. नंतर दिवसभर उगीचच चुकचुकल्यासारखं होत राहिलं.

थांबते. नोटिशीचं बघते.

आपली आज्ञाधारक एजंट,
कांचन


पार्सिपनी
रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

प्रिय सुलेखा,

बुधवारी प्रतापरावांचा फोन आला होता, हे तुला माहीत असेलच. "कांचनवहिनी, नोटीस दिलीत ना?" मी म्हणाले, "हो, हो, देते." यातल्या 'हो'वर त्यांनी भरवसा ठेवला आणि 'देते' त्यांना ऐकूच आलं नाही. तू फोनवर येशील म्हणून मी थांबले होते, पण तीन मिनिटं झाली आणि त्यांनी ठेवला. तुमच्याकडे फोन नेहमी तेच उचलतात, म्हणून मी आपली पत्रच लिहिते.

तर खरं सांगते, नोटीस दिलेली नाही. टाइप केली आहे. पर्समध्ये आहे. चार वेळा तुझ्या घरापर्यंत गाडीनं गेले आणि चारही वेळा वळून इंडियन ग्रोसरीत जाऊन आले. घरात आता मुगाची डाळ इतकी झाली आहे की जगन्नाथनं विचारलं, युद्ध होणार आहे का. मूग गिळून बसायची वेळ आली आहे खरी.

कारण सांगते. भाडेकरीण गरोदर आहे. पहिलटकरीण. डिसेंबरच्या मध्यावर दिवस भरतात. राजीव आपला टीव्ही घेऊन दारात उभा राहणार तेव्हा तिला नववा चालू असेल. आता सांग, अशा बाईला मी कुठल्या तोंडानं म्हणू, की बाई गं, ऊठ? तू असतीस तर म्हणाली असतीस का? प्रतापरावांना सांगून बघ. निदान दोन महिने.

मला अलीकडे एका जागी बसवत नाही. पत्र लिहायला बसले की उठून ओटा पुसते. ओटा पुसला की पानं गोळा करायला अंगणात जाते. काल पोह्यांत मीठ दोनदा घातलं, आणि आज अजिबात घातलं नाही. जगन्नाथ म्हणतो, सरासरी ठीक आहे.

त्यात हा व्हिटलॉक. गेल्या मंगळवारी मंडळातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मी दुसरंच काहीतरी शोधत होते आणि मला मिल स्ट्रीटच्या आगीची बातमी सापडली. फेब्रुवारी १८८६. "मिसेस लाइल यांचे भाड्याने दिलेले घर समूळ जळाले. जीवितहानी नाही." मी वही उघडली. एप्रिल १८८६ चं पत्र: "मॅडम, घर उत्तम स्थितीत आहे." सप्टेंबर: "पेअरला भरपूर फळ धरलं." सुलेखा, घर जळून राख झालं होतं, आणि हा गृहस्थ पुढं पाच वर्षं लिहीत होता की घर उभं आहे! व्हरांड्याला रंग दिला, छपराची कौलं बदलली, भाडेकरणीला मुलगा झाला, तो रांगायला लागला, त्याला दात आले. सगळं मनचं. भाडं हा स्वतःच्या खिशातून पाठवायचा, आणि पेअर बाजारातून आणून करंडीत भरायचा.

पहिल्यांदा मी चिडले. खोटारडा मेला, म्हटलं. मग मागची पानं चाळली. आग लागली त्याच्या आधीच्या महिन्यात म्हातारीनं काहीतरी लिहिलं असावं, कारण याच्या उत्तरात असं आहे: "आपण लिहिता की ते घर उभं आहे एवढ्या एका गोष्टीवर आपल्याला झोप लागते." अशा बाईला कसं कळवायचं? आज कळवतो, उद्या कळवतो असं करत पहिली तिमाही गेली असेल. एकदा "घर उत्तम आहे" असं लिहिलं की पुढच्या वेळी दुसरं काय लिहिणार? मंडळातल्या बाई म्हणतात, मोठी रम्य कथा आहे. मला त्यात रम्य काही दिसत नाही. मला दर तिमाहीला कोऱ्या कागदापुढं बसलेला तो माणूस दिसतो.

आज त्या जागेवर डोनटचं दुकान आहे. मी जाऊन पाहून आले. पेअरचं झाड नाही.

आणखी एक लिहायचं होतं. तू गेल्यापासून पत्रात सगळ्यांची चौकशी करतेस. जगन्नाथचा गुडघा, आमच्या शेजारणीचं कुत्रं, मराठी मंडळाचा गणपती, सगळं. एकच नाव तू कधी लिहीत नाहीस आणि म्हणून मीही लिहीत नाही. तुमच्या घरात तसा नियम झाला आहे, आणि तो कुणी केला तेही मला माहीत आहे. पण पत्र तर तू एकटी लिहितेस ना? पोस्टात टाकायला एकटी जातेस ना? असो. आज एवढंच.

तुझी अस्वस्थ,
कांचन


पार्सिपनी
रविवार, ६ नोव्हेंबर १९८८

सुलेखा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसते आहे. पहिली दोन फाडली. आता उठायचं नाही, असं ठरवून चहासुद्धा टेबलावरच घेतला आहे.

मराठी मंडळातली संध्या गेल्या आठवड्यात पुण्याहून परत आली. तिच्याबरोबर तू पाठवलेलं पुडकं मिळालं. अळीव, डिंक, खारका, आणि वर तुझी चिठ्ठी: "त्या भाडेकरणीला दे. गोऱ्या मुलीला यातलं काय कळणार, पण तू खीर करून घाल. तिची आई जवळपास असते का? पहिलटकरणीजवळ आई लागतेच."

ती चिठ्ठी मी पन्नास वेळा वाचली असेल. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते.

नाही, जवळपास नसते. तिची आई पुण्याला असते. कर्वे रस्त्यावर राहते आणि श्रीखंडाच्या डब्याला कुलूप लावते.

परत वाच. मी थांबते.

तुझ्या घरात गेली अडीच वर्षं सीमा राहते आहे, सुलेखा. तुझी सीमा. तुझी भाडेकरीण तुझी लेक आहे.

आता सगळं क्रमानं सांगते, कारण काटछाट करून सांगणं खूप झालं. तुम्ही जुलै १९८५ मध्ये गेलात. जायच्या आधी प्रतापराव तिला काय म्हणाले ते मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं होतं. त्या मुलाशी लग्न करणार असशील तर मला मुलगी नाही. तू काही बोलली नाहीस, पोळ्या लाटत राहिलीस. मला तुझा तेव्हा अतिशय राग आला होता, आणि आजही आहे, तो आज लिहून टाकते. ऑक्टोबरात सीमानं आणि त्या मुलानं लग्न केलं. पत्रिका आमच्या घरून गेल्या, परतीचा पत्ता आमचाच होता. तुमच्या नावाची पत्रिका दीड महिन्यानं आमच्याकडे परत आली. वर शिक्का होता, 'घेण्यास नकार'. पाकीट उघडलेलंसुद्धा नव्हतं. तुला दाखवलं होतं का गं त्यांनी? की पोस्टमनला दारातूनच परत पाठवलं?

ते पाकीट मी सीमाला दाखवलं नाही. वाटलं, नव्या नवरीला कशाला? माझी पहिली चूक ही.

पुढच्या मे महिन्यात तुमचे पहिले भाडेकरू गेले. तेव्हा सीमा आणि तिचा नवरा डॅनी एका तळघरात राहत होते, भिंतींना बुरशी, तिला सारखा खोकला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, घर रेंटवर दे. फ्री नकोय मला. आय विल पे लाइक एनीबडी." मी म्हणाले, बाबांना विचारावं लागेल. मुखत्यारपत्र माझ्याकडे असलं तरी भाडेकरारावर सही तेच करतात. मी करार टाइप केला, जसा आहे तसा, एक अक्षर खोटं नाही: श्री. व सौ. डी. जे. कोवाल्स्की. आणि पुण्याला पाठवला. मला वाटलं होतं, आता धरणीकंप होणार. आठ दिवस मी फोनच्या आसपास फिरत होते.

प्रतापरावांची सही होऊन करार परत आला! बरोबर त्यांचं पत्र: "कोवाल्स्की म्हणजे पोलिश दिसतात. हे लोक मेहनती, घर नीट ठेवतात." मला आधी काही उमगेना. मग उमगलं. त्यांना जावयाचं आडनावच माहीत नव्हतं! घरात त्याला 'तो' म्हणायचं, आणि पत्रिका न उघडता परत केलेली. कळणार कुठून? स्वतःच्या जावयाला त्यांनी स्वतःच्या हातानं घर दिलं, वर त्याची तारीफ केली. त्या दिवशी मी हसले, सुलेखा. पोट धरून हसले. देवानंच केलं म्हटलं.

संध्याकाळी सीमा आली. तिनं विचारलं, "बाबांनी सही केली?" मी म्हणाले, "केली." तिचा चेहरा असा काही उजळला की पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. तिच्या लेखी तुम्ही पत्रिका वाचली होती. नाव तुम्हाला माहीत होतं. म्हणजे बाबांनी जाणूनबुजून सही केली, बोलणार नाहीत पण डोक्यावर छप्पर दिलं, असं ती समजली. "हीज वे," म्हणाली, "दॅट्स हीज वे, मावशी." आणि डोळे पुसत तुझ्या त्या कोटाच्या कपाटातल्या देवघरापुढं जाऊन उभी राहिली. तुला आठवतं, तू विचारलं होतंस की गोऱ्या भाडेकरूंना देवघर कशाला ठेवायचंय, आणि मी लिहिलं होतं की टॉवेल ठेवतात? टॉवेल नव्हते. तुझा बाळकृष्ण आहे तिथं, आणि रोज निरांजन लागतं.

तर तुला वाटत होतं, कुणीतरी परकी बाई राहते. तिला वाटत होतं, आई-बाबांना सगळं माहीत आहे. आणि दोघींच्या मध्ये मी, घर उत्तम आहे, भाडेकरू सुस्वभावी आहेत. आता कळलं ना नोटीस का देववत नव्हती? तिच्या हातात तो कागद पडला असता तर तिनं काय वाचलं असतं? की बाबांना ठाऊक आहे मी इथं राहते, ठाऊक आहे मला नववा आहे, आणि तरी ते मला बाहेर काढतात.

अजून एक आहे. ते लिहायचं नव्हतं, पण पहिल्या दोन पत्रांत ते नव्हतं म्हणूनच मी ती फाडली.

मला सांगता आलं असतं. अडीच वर्षांत शंभर वेळा. मी सांगितलं नाही, कारण मला ती माझ्याकडे हवी होती. तुला माहीत आहे, आम्हाला मूल नाही आणि त्याबद्दल मी कधी रडगाणं गायलं नाही. पण दर शुक्रवारी सीमा यायची, माझ्या फ्रीजमधून न विचारता दही काढून खायची, जगन्नाथच्या गुडघ्याला तेल लावायची. डॅनी पियानो दुरुस्त करतो, आमच्या बंद पडलेल्या घड्याळावर तो चार रविवार बसला होता. तुला कळलं असतं तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. प्रतापरावांनी त्यांना घालवलं असतं, किंवा तू परत आली असतीस. दोन्हीत माझे शुक्रवार गेले असते. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. मी तुझं घर सांभाळलं, तुझ्या लेकीचं लग्न केलं, आणि मनात तिला आपलीच धरून बसले. हे मी तुझं घेतलं, सुलेखा. याची माफी मागते.

गेल्या रविवारी मी तिचं डोहाळजेवण केलं, तुझ्याच जेवणाच्या टेबलावर. हिरवी साडी माझी. ओटी डॅनीच्या आईनं भरली, मी शिकवली तशी. नारळ तिनं बोलिंगच्या चेंडूसारखा दोन्ही हातांत धरला होता, पण भरली अगदी मनापासून. दोन वाट्या झाकून ठेवल्या, सीमानं उघडली त्यात बर्फी निघाली. म्हणजे मुलगी. डॅनीनं विचारलं, दुसऱ्या वाटीत काय आहे, आणि तो पेढाही खाऊन टाकला. सगळे हसलो. मग सीमा ओटीचं सामान पदरात घेऊन तशीच बसून राहिली आणि हळूच म्हणाली, "आई कुडण्ट इव्हन राइट? वन लाइन?" मी भांडी घासायला गेले.

त्यानंतर गुरुवारी मंडळात गेले, ती वही कायमची बंद करून कपाटात ठेवायला. शेवटची पानं एकमेकांना चिकटली होती. सोडवली, तर आत एक पाकीट. वर व्हिटलॉकच्या अक्षरात मिसेस लाइलचा पत्ता, तिकीट लावलेलं नाही. आत मूळ पत्र: "मॅडम, आपलं घर पाच वर्षांपूर्वी जळालं. पेअर मी विकत आणत होतो. आपली पत्रं यायची थांबतील या भीतीनं मी हे कळवलं नाही." नक्कलसुद्धा त्यानं नियमाप्रमाणे काढून ठेवली होती. फक्त टाकलं नाही. वहीतली पुढची नक्कल तीन आठवड्यांनंतरची आहे. पुतण्याला, मिसेस लाइल वारल्याबद्दल सांत्वनाचं पत्र.

वही कपाटात ठेवली. तिथून गाडी काढली, वाटेत घरून पत्रिकेचं ते परत आलेलं पाकीट घेतलं आणि थेट तुझ्या घरी गेले. सीमापुढं ते बंद पाकीट ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिनं शिक्का वाचला, पाकीट उलटंपालटं केलं. म्हणाली, "सो ही डिडण्ट नो? द होल टाइम?" मी म्हणाले, नाही. "आणि आई?" म्हणाले, तिलाही नाही. मला वाटलं, आता ही मला दार दाखवणार. पण ती पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मावशी, आय ॲम सो मॅड ॲट यू." मी म्हणाले, रागाव, हक्क आहे तुझा. शुक्रवारी ती आली नाही. मी तिच्यासाठी दही लावून ठेवलं होतं.

आज सकाळी मात्र तिचा फोन आला. म्हणाली, ते पाकीट परत पाठव, तसंच, न उघडता. ते सोबत पाठवते आहे. तू उघड. आतलं नाव वाच आणि प्रतापरावांच्या कपाटातला भाडेकरार काढून शेजारी ठेव. मग दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेव, आणि या वेळी पोळ्या लाटू नकोस.

विक्रीचे कागद सही न करता परत पाठवते आहे, मुखत्यारपत्रही. घर तुमचं आहे, विकायचं असेल तर खुशाल विका. पण त्यासाठी तुम्ही स्वतः या. बेल वाजवा, आणि दार उघडेल तिच्या हातात नोटीस द्या. माझ्याच्यानं ते होणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हे तिला कुणी शिकवलं नाही. तरी ती बरोबर तिथंच जाऊन पोचली आहे, आपल्या जुन्या खोलीत. फरक एवढाच की माहेरी राहायचं ती दर महिन्याला भाडं भरते.

अळिवाची खीर आज करून देणार होते. हातात पुडकं घेतलं आणि परत ठेवून दिलं. ती तूच कर. परवा दिवाळी. हे पत्र तुला मिळेल तेव्हा महिना उरलेला असेल.

सीमाला विचारलं, आईला काही निरोप? म्हणाली, "टेल हर आय वॉज अ गुड टेनंट." म्हणून शेवटचं एकदा एजंट म्हणून कळवते: भाडेकरू सुस्वभावी आहे, सुलेखा. बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि वाट बघते आहे.

या पत्राची नक्कल मी ठेवलेली नाही. आत्ता कोट घालून बाहेर पडते आणि पेटीत टाकूनच परत येते.

तुझी अपराधी,
पण आता तुझीच,
कांचन